झिंगाटचा हिशेब

बेंजो पार्टीची सुपारी ठरवताना सोलापूर जिल्ह्यात गाण्यांची यादी सहसा कुणी मागत नाही. गाडी केवढी, माणसं किती, जनरेटर कुणाचा, एवढं बोलून इसार दिला जातो. 'झिंगाट' होणार हे दोन्ही बाजूंनी धरलेलंच असतं. हे गाणं ज्यातलं, तो 'सैराट' चित्रपट प्रदर्शित झाला 29 एप्रिल 2016 रोजी, ऐन लग्नसराईत. गाणी त्याच्या थोडी आधी आली आणि पिक्चर लागेपर्यंत वरातीत शिरलीसुद्धा. त्यानंतर कितीतरी गाणी एकेका लग्नसराईपुरती वाजून गेली. हे टिकलं.

गाणं आमचंच, असं करमाळ्याकडचा माणूस छातीठोकपणे सांगतो. त्यात तथ्य आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, आणि चित्रीकरणही बरंचसं करमाळा तालुक्यातच झालेलं. पण चाल, शब्द आणि आवाज हे तिन्ही अजय-अतुल गोगावले यांचे, आणि त्या भावांचं बालपण गेलं पुणे जिल्ह्यात, राजगुरुनगर-जुन्नर-शिरूरकडे. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदली होईल ते गाव आपलं. जत्रा, बँड, हलगी, भजन हे सगळं कानावर पडत गेलं ते तिथे. 'जत्रा' चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' त्यांचंच. पुढे 'अग्निपथ'मध्ये त्याच चालीची 'चिकनी चमेली' झाली. म्हणजे वरातीचं गाणं कसं बांधायचं, हे त्यांना 'सैराट'च्या दहा वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

'सैराट'च्या संगीतातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, याचं तेव्हा फार कौतुक झालं. तो थाट 'याड लागलं'मध्ये ऐकावा. 'झिंगाट'चा जीव ठेक्यात आहे. छोटे छोटे तुकडे, तेच पुन्हा पुन्हा, आणि मुखडा असा की सूर न लागणाऱ्यालाही ओरडता यावा. बेंजोवाल्याला हेच हवं असतं. बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचाच विजेवर वाजणारा मोठा भाऊ. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. मींड, हरकती असलं नाजूक काम त्यावर नीट निघत नाही. तुटक, खणखणीत सूर मात्र गल्लीच्या टोकापर्यंत पोचतात. लताबाईंचं एखादं संथ गाणं बेंजोवर ऐकून पाहा, दया येते. 'झिंगाट' मात्र मूळ याच वाद्यासाठी रचलंय की काय असं वाटतं.

सिनेमात हे गाणं येतं पाटलांच्या पोराच्या, म्हणजे आर्चीच्या भावाच्या, वाढदिवसाला. अख्खं गाव बेभान होऊन नाचतं आणि त्याच रात्री आर्ची आणि तिचा प्रियकर परश्या पकडले जातात. चित्रपटातली चारही गाणी तोवर उरकलेली. पुढे पळापळ, हैदराबाद, संसार आणि तो शेवट, या सगळ्यात एकही गाणं नाही. माझ्या मते मंजुळ्यांची सगळ्यात मोठी हुशारी हीच. थिएटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायचे आणि पिक्चर संपल्यावर तेच लोक मुकाट बाहेर पडायचे. जातीच्या पायी दोन जीव जातात अशा गोष्टीतलं हे गाणं. जातीपातीची शंभर चौकशी करून ठरलेल्या लग्नांतही ते दणक्यात वाजतं, याची गंमत कुणाला वाटत नाही.

'सैराट' हा 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट. 2017 मध्ये 'मनसु मल्लिगे' हा त्याचा कन्नड अवतार आला, त्यातही रिंकूच. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड घरांना आपल्या भाषेतलं 'झिंगाट' मिळालं. 2018 च्या 'धडक' या हिंदी अवतारात अमिताभ भट्टाचार्य यांनी शब्द लिहिले. चाल तीच, आवाजही त्याच दोघांचे.

तरी या गाण्याचं यश मोजायचं कशावर? एकेकाळी हे सोपं होतं, किती तबकड्या खपल्या ते मोजायचं. 1989 साली फ्रान्समधून निघालेला काओमा या गटाचा 'लंबाडा' जगभर लाखोंनी खपला. आपल्याकडे 'घायल'मध्ये त्या चालीवर हिंदी गाणंही झालं. पण खपावरून रचणाऱ्याचा वाटा कळत नाही. मुळात ती चाल बोलिव्हियाच्या 'लोस कार्कास' या गटाची, 1981 च्या गाण्यातली. त्यांना न विचारताच उचललेली. मूळ रचनाकार कोर्टात गेले तेव्हा कुठे त्यांना मोबदला मिळाला.

'लंबाडा'सारखी 'झिंगाट'ची चोरी कुणी केली नाही, रीतसर व्यवहारच झाले. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत वाटाही दिला. चित्रपटगृहाबाहेर गाणं व्यापारी कारणासाठी वाजलं तर तो त्यांचा हक्क. पण त्याच कायद्याचं 52 वं कलम धार्मिक विधीत वाजवलेल्या संगीताला मोकळीक देतं, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नासोबतचे समारंभही धरलेत. म्हणजे जिथे 'झिंगाट' सगळ्यात जास्त वाजतं, नेमकं तिथेच रचणाऱ्यांना छदाम मिळत नाही. कमाई होते ती बेंजोवाल्याची, हलगीवाल्याची, डॉल्बीवाल्याची, मांडववाल्याची. मला यात अन्याय दिसत नाही. या भावांनी हलगीचा ठेका घेतला तो गावच्या जत्रेतून, तेव्हा तरी कुणी कुणाला रॉयल्टी दिली होती?

आता या धंद्याला खरी धास्ती आहे ती घड्याळाची. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर भोंगे बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट, तीही सणासुदीसाठी, वरातीला नाही. त्यामुळे मुरलेला बेंजोवाला 'झिंगाट' आधी सोडतच नाही. पोरं कितीही ओरडली तरी ते पावणेदहासाठी राखून ठेवतो, कारण एकदा ते वाजलं की त्यानंतरच्या गाण्यावर कुणी पाय हलवत नाही.