नभोवाणीची संकेताक्षरे

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे ‘व्हीयूबी’ हे त्याचे संकेतनाम झाले. दिल्लीचे ‘व्हीयूडी’, कलकत्त्याचे ‘व्हीयूसी’. शेवटचे अक्षर शहराचे, हे उघड आहे. पहिल्या दोन अक्षरांविषयी मात्र गैरसमज फार.

भारतीय विमानांवरील ‘व्हीटी’ ही अक्षरे याच कुळातील. त्यांचा अर्थ ‘व्हाइसरॉयज् टेरिटरी’ असा सांगून ती बदलण्याची मागणीही झाली आहे. वस्तुतः ही आद्याक्षरे बिनतारी संदेशांच्या आंतरराष्ट्रीय वाटपातून आली. त्यात कॅनडाला ‘व्हीए’ ते ‘व्हीजी’, ऑस्ट्रेलियाला ‘व्हीएच’पासूनची, तर भारताला ‘व्हीटी’ ते ‘व्हीडब्ल्यू’ ही अक्षरे मिळाली. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात व्हाइसरॉय नव्हता! ब्रिटिश साम्राज्याची खूण असलीच तर ती ‘व्ही’त आहे, ‘टी’ केवळ वाट्याला आलेले अक्षर होय. ‘एटी’ ते ‘एडब्ल्यू’ हा गटही आज भारताकडेच आहे.

‘व्हीयू’ हौशी बिनतारी चालकांनी जिवंत ठेवले आहे. त्यापुढील ४ हा अंक अंदमान-निकोबारचा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तेथील दूरध्वनी बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून आप्तांच्या खुशालीचे निरोप याच ‘व्हीयू-४’ संकेताने मुख्य भूमीवर पोहोचले.