स्टेशन चौकात स्टेशन कुठं आहे?

आष्ट्याहून सांगलीला तुम्ही कितीदा तरी गेला असाल. तुंग, डिग्रज मागं टाकायचं, कृष्णेवरचा पूल ओलांडायचा की आलीच सांगली! तिथं ‘स्टेशन चौक’ म्हणून एसटी किंवा रिक्षातून उतरलातही असाल. पण मैत्रिणींनो, त्या चौकात स्टेशन कुठं आहे, असा प्रश्न कधी पडला का? तिथं ना रूळ, ना शिट्टी! आहे ते वसंतदादांचं स्मारक.

पण एके काळी इथं खरोखरच गाडी येत असे. पुण्याहून निघालेली आगगाडीची मुख्य वाट सांगली शहराला बाजूला ठेवून मिरजेला गेली. कोल्हापूरला १८९१ मध्ये गाडी पोचली, तरी संस्थानची राजधानी असलेली सांगली आपली कोरडीच. राजेसाहेब चिंतामणराव तेव्हा अल्पवयीन, कारभार इंग्रज प्रशासकाच्या हाती. त्या काळात, १९०७ मध्ये, मिरज ते सांगली अशी पाचेक मैलांची मीटरगेज शाखा सुरू झाली. पाच मैल म्हणजे काय हो, डब्यात बसून पदर सावरेपर्यंत मिरज यायची! पण तिचा आधार मोठा. हळदीच्या पेठेला बाहेरची वाट मिळाली, आणि माहेरवाशिणीला पुण्या-मुंबईची.

आष्टेकरणीला मात्र स्टेशन गाठणं हीच खरी यात्रा. आयर्विन पूल १९२९ मध्ये झाला; त्याआधी कृष्णा आडवी. बैलगाडीनं वीसेक किलोमीटर यायचं, नदी पार करायची, दशम्या-चटणीचं गाठोडं आणि कडेवरचं मूल सांभाळत गाडी गाठायची. चुकली की बसा!

मग रूळच रुंदावले. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, सांगलीला मुख्य मार्गावर नवं स्टेशन मिळालं आणि गावातलं जुनं निकामी ठरलं. मिरजेला तर पुढं कित्येक वर्षं तीन मापांचे रूळ होते: पुण्याकडे रुंद, बेळगावकडे मीटरगेज, पंढरपूरकडे चिमुकले. बेळगावला निघालेल्या बाईला सगळं सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे; वारकऱ्यांची छोटी गाडी निराळीच.

इंग्लंडमध्येही १९६३ च्या एका अहवालानं दोन हजारांवर स्टेशनं बंद करायला सुचवलं होतं. तिथली कितीतरी खेडी त्यानं मुकी झाली. तिथं रेल्वेला तोटा होत होता म्हणून. आपल्याकडे गाडी मोठी झाली म्हणून. सांगलीचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. थेट मुंबईची गाडी मिळाली, ती काय थोडी? तरी गावातल्या गावात गाडीत बसण्याची सोय गेली, ती गेलीच.

तुमच्या घरी सत्तरी-ऐंशीच्या सासूबाई असतील तर या छोट्या गाडीबद्दल जरूर विचारा. आणि एक लक्षात ठेवा. सांगलीत रिक्षावाल्याला ‘रेल्वे स्टेशन’ असं पुरतं सांगा. नुसतं ‘स्टेशन’ म्हणालात, तर बॅगा घेऊन चौकातच उभ्या राहाल!