शिक्षक आणि पायी चालणे

शिक्षकाचा व्यवसाय बैठा नव्हे, असा समज शिक्षकवर्गात फार दिवसांपासून रूढ आहे. कारकून दिवसभर खुर्चीत बसतो. शिक्षक मात्र फळ्यापुढे उभा असतो, वर्गातून फिरतो, मैदानावर मुलांच्या मागे असतो. तेव्हा त्याला निराळ्या व्यायामाची गरज ती काय, असे या समजाचे स्वरूप आहे. सायंकाळी पाय ठणकू लागतात, पोटऱ्या जड होतात आणि हा ठणका म्हणजेच व्यायाम झाल्याची खूण, असे मानून मंडळी अंथरुणाला पाठ टेकतात. या समजाची एकदा नीट तपासणी होणे अवश्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दहा कोटी भारतीयांना मधुमेह असल्याचे दिसून आले. प्रौढांपैकी शेकडा पस्तीसांना रक्तदाबाचा विकार असल्याचे त्याच पाहणीत नमूद आहे. खेड्यातील शाळेचा शिक्षक या गणतीच्या बाहेर राहतो असे मानण्यास काही आधार नाही.

पूर्वीच्या शिक्षकाच्या बाबतीत हा समज काही अंशी खरा होता. शाळा एका गावी, बिऱ्हाड दुसऱ्या गावी, मध्ये ओढा आणि दोन टेकाडे, असा त्याचा नित्याचा रस्ता असे. त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. ते येणेजाणे होते. आज तालुक्याच्या गावाहून वीसतीस किलोमीटर मोटारसायकलीवर येणारा शिक्षक शाळेच्या फाटकाशी उतरतो आणि फाटकाशीच पुन्हा गाडीवर बसतो. यात त्याचा दोष फारसा नाही. पतिपत्नींच्या नेमणुका दोन ठिकाणी असतात, मुलांची शिक्षणे असतात, घरी वृद्ध मातापितरे असतात. तथापि वस्तुस्थिती ही की, बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत, म्हणजे मुलाला पायी येता येईल अशा अंतरावर असावी, असे धरलेले आहे. मुलांच्या पायांचा हिशेब नियमाने केला. गुरुजींच्या पायांचा हिशेब ठेवणारे कोणी नाही.

आता उभे राहणे आणि चालणे यांतील भेद पाहू. हृदय रक्त पायांपर्यंत लोटते, परंतु तेच रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर परत आणण्याचे काम मुख्यतः पोटरीच्या स्नायूंना करावे लागते. पाऊल उचलले की पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो, आतील नीला दाबल्या जातात आणि त्यांतील रक्त वर ढकलले जाते. नीलांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. विहिरीवरील हातपंपाशी या क्रियेची तुलना करता येईल. दांडा हलविला तरच पाणी वर चढते. मनुष्य स्तब्ध उभा असतो तेव्हा घोट्याजवळील नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका असतो. तो चालू लागला की हाच दाब ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे फळ्यापुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या पायांवर ताण तर पडतो, पण पंपाचा दांडा मात्र जागीच असतो. अनेक वयस्क शिक्षकांच्या पोटऱ्यांवर निळसर, फुगीर, पिळवटलेल्या शिरा दिसतात. सर्वांनाच त्या या कारणाने होतात असे नाही, आनुवंशिकतेचाही त्यात भाग असतो. परंतु दीर्घकाळ उभे राहणे हे त्यांचे एक मान्य कारण आहे. सायंकाळचा ठणका हा चालण्याचा शीण नसून न चालण्याचा असू शकतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

या विषयातील एक प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. लंडन शहरात दुमजली बसगाड्या चालत. प्रत्येक गाडीवर एक चालक व एक वाहक असे. दोघे एकाच थरातील, पगारमानही जवळपास सारखे. भेद इतकाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसातून पाचसहाशे पायऱ्या चढे. जेरेमी मॉरिस नावाच्या वैद्यकीय संशोधकाने सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांची माहिती गोळा करून १९५३ साली असे दाखविले की, हृदयविकार वाहकांना चालकांपेक्षा कमी होतो आणि झालाच तर उशिरा व सौम्य होतो. टपाल खात्यातही हेच दिसले. पत्रे वाटणारे टपालवाले बैठ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. येथे एक शंका सहज निघते, आणि ती मॉरिसलाही आली: चालकांची प्रकृती मुळातच स्थूल असेल तर? म्हणून त्याने त्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा घेर खरोखरच अधिक निघाला! तथापि सडपातळ चालकांची सडपातळ वाहकांशी व लठ्ठ चालकांची लठ्ठ वाहकांशी तुलना केली, तरी वाहकच सरस ठरले. विजारींच्या मापांवरून हृदयाचा विचार करणारा हा संशोधक ९९ वर्षे जगून २००९ साली निवर्तला.

शिक्षक या दोघांपैकी कोण? तो स्वतःस वाहक समजतो. प्रत्यक्षात टेबलाशी उभा राहून, वह्या तपासून आणि माहितीचे तक्ते भरून तो चालकाच्याच जवळ आलेला असतो.

मग चालावे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ व्यक्तीने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालले म्हणजे खालची मर्यादा पुरी होते. दररोज दहा हजार पावलांचा आकडा हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. जपानात १९६५ साली पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे होते. नाव सुटसुटीत म्हणून आकडा जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात दररोज साडेचार हजारांच्या आसपास पावले चालणाऱ्या स्त्रियाही त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा दीर्घायुषी आढळल्या, आणि साडेसात हजारांनंतर लाभ विशेष वाढल्याचे दिसले नाही. तेव्हा दहा हजार जमत नाहीत म्हणून घरी बसणाऱ्यास आता ती सबब उरलेली नाही.

भरभर चालणे म्हणजे काय, हे समजण्यास यंत्राची गरज नाही. मिनिटास शंभर पावले हे साधारण मान आहे. या गतीने अर्ध्या तासात दोन किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले जाते. दुसरी कसोटी शिक्षकास अधिक सोयीची आहे. चालताना बोलता यावे, परंतु परिपाठातील प्रार्थना सलग म्हणता येऊ नये. प्रार्थना सुखाने म्हणता येत असेल तर गती मंद आहे, आणि दोन वाक्येही धड बोलता येत नसतील तर ती झेपण्यापलीकडे गेली आहे.

आपल्याकडे जेवणानंतरची शतपावली पूर्वापार चालत आली आहे. तिचे महत्त्व निराळे आहे. अन्न पोटात गेल्यावर रक्तातील साखर चढते. त्या वेळी पायांचे स्नायू हलते असले म्हणजे ते ही साखर इंधन म्हणून ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनवर सर्वस्वी अवलंबून राहत नाहीत. जेवणानंतर पाच मिनिटांच्या सावकाश चालण्यानेही साखरेचा चढ कमी होतो, असे अलीकडील अभ्यासांतून दिसून आले आहे. दुपारच्या सुट्टीत मुलांची पंगत उठल्यावर व स्वतःचा डबा खाऊन झाल्यावर व्हरांड्यातून पाचदहा मिनिटे येरझारा घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शतपावलीने रपेटीची भरपाई मात्र होत नाही, दोन्ही हव्यात. चालण्याने स्नायूंना साखर ओढण्याची जी तत्परता येते ती एकदोन दिवसच टिकते, म्हणून दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून सहा दिवस स्वस्थ बसणाऱ्याचा हिशेब येथे चुकतो.

चालण्याने सर्व काही साधते असेही नाही. हात, खांदे व पाठ यांना बळ येण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस निराळा व्यायाम हवा, असे वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शनातच सांगितले आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले होते. अध्यापक विद्यालयात शिकलेले नमस्कार व बैठका विसरल्या असतील तर त्या पुन्हा सुरू करण्यास हे निमित्त पुरेसे आहे.

आता एकट्याने चालण्याविषयी. सोबत्यांसह चालण्यात गोडी आहेच. आळंदीहून पंढरीपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट एकट्याने चालणे किती जणांना साधेल? सोबतीने नियम टिकतो आणि ज्याला एकट्याने निघवत नाही त्याने अवश्य सोबती पाहावा. परंतु शिक्षकाच्या बाबतीत एकांताचा एक विशेष उपयोग आहे. त्याचा सारा दिवस बोलण्यात जातो. पाचसहा तास उंच स्वरात शिकविलेल्या कंठाला विश्रांती हवी असते. चार शिक्षक एकत्र फिरावयास निघाले की, पगार, बदल्या आणि ‘आज कोणती माहिती मागितली’ हे तीन विषय पहिल्या फर्लांगातच निघतात, गती मंदावते आणि मंडळी घरी परततात ती शाळाच डोक्यावर घेऊन. भ्रमणध्वनी कानाला लावून चालणाऱ्याचेही तेच होते. एकटा चालणारा आपल्या श्वासाच्या गतीने चालतो. दुसऱ्यासाठी थांबत नाही की धावत नाही.

शिवाय चालताना मन मोकळे होऊन काम करते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली झालेल्या प्रयोगांत, बसलेल्या स्थितीपेक्षा चालताना माणसांना नव्या कल्पना अधिक सुचतात असे आढळले. कोऱ्या भिंतीसमोर यंत्रपट्ट्यावर चालणाऱ्यांनाही त्या सुचल्या. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात मात्र चालण्याचा तसा लाभ दिसला नाही. म्हणून उद्याचा पाठ कसा रंगवावा, अमुक मुलगा आठ दिवस गप्प का आहे, याचा विचार रस्त्यावर करावा. पटावरील बेरजा टेबलाशीच कराव्यात.

महाराष्ट्रातील शिक्षकांत या प्रकारच्या चालण्याचे उदाहरण शोधावयाचे झाल्यास धोंडो केशव कर्वे यांचे नाव आधी येते. मुरूडसारख्या कोकणातील गावाहून परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत ते पायी गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसू न देताच परत पाठविले गेले. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. १९०० साली त्यांनी आपला आश्रम पुण्यापासून चारएक मैलांवरील हिंगण्याच्या माळावर नेला. दिवसभर शिकवून सायंकाळी ते हिंगण्यास चालत जात आणि सकाळी अध्यापनासाठी पुन्हा शहरात चालत येत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. कर्वे १०४ वर्षे जगले. त्याचे श्रेय चालण्यास देणे शास्त्राला धरून होणार नाही. एका माणसावरून नियम निघत नाही. तथापि दोन कामांच्या मधील ती रोजची पायवाट त्यांनी बोज्यासारखी वाहिली नाही, एवढे त्यांच्या चरित्रावरून खचित म्हणता येते.

शिक्षिकांची अडचण येथे सांगितली पाहिजे. खेड्यात स्त्रीने उगाच एकटे चालत जाणे अजूनही अनेक ठिकाणी चर्चेचा विषय होतो; शिवाय संध्याकाळी घरचा स्वयंपाक वाट पाहत असतो. ‘सकाळी फिरावयास जा’ हा उपदेश त्यांना करणे सोपे आहे, पाळणे कठीण. त्यांच्यासाठी शाळेचे आवार ही सर्वांत निर्वेध जागा होय. शाळा भरण्यापूर्वी वीस मिनिटे लवकर येऊन पटांगणाच्या कडेने फेऱ्या घालता येतात. गाडी शाळेच्या अलीकडे एक किलोमीटरवर ओळखीच्या घरी उभी करून तेथून मुलांच्या रस्त्याने येणे हाही एक उपाय आहे, आणि तो पुरुषांनाही लागू पडतो. मुख्याध्यापकांनी या वीस मिनिटांत शिक्षिकेच्या हाती कागद देऊ नये.

एकांत आणि एकटेपणा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्याचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत खिन्न आहे, झोप उडाली आहे, कशातच गोडी वाटत नाही, त्याला ‘चालत जा म्हणजे बरे वाटेल’ एवढेच सांगून सोडू नये. त्याच्यासोबत कोणीतरी चालावे आणि त्याला वैद्याकडे न्यावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक शिक्षकांच्या खोलीत लिहून ठेवण्यास हरकत नाही.

काही सावधगिऱ्या. पहाटे अंधारात शेताच्या बांधावरून जाताना विजेरी व पाय झाकणारी पादत्राणे हवीत. पावसाळ्यात घोणस व नाग यांचा वावर अशाच वाटांवर असतो. डांबरी रस्त्यावर समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने उजव्या कडेने चालावे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी परतावे. चालताना छातीत दाब वाटला, वेदना डाव्या हातात किंवा जबड्याकडे गेली, तर तेथेच बसावे आणि त्याच दिवशी वैद्याकडे जावे. अपचन समजून घरी निजू नये. मधुमेहावर इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवावी आणि घरी येताच दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना मंद होते; काटा रुतलेला किंवा चपलेने फोड आलेला कळत नाही, आणि अशी दुर्लक्षित जखम चिघळून पाऊल गमावण्याची पाळी येते. तळपाय स्वतःस दिसत नसेल तर लहान आरसा जमिनीवर ठेवून त्यात पाहावा.