साठीनंतरची फटफटी

व्यापाऱ्याचा जन्म भाव, वजन आणि उधारी यांत सरतो. छंदास तो 'सवडीने पाहू' म्हणतो, आणि सवड कधी येत नाही. कलबुर्गीच्या तूरबाजारात आमची चाळीस वर्षे अशीच गेली.

तारुण्यात आम्हांस येझदीची फार ओढ होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा व पुढे येझदी गाडी निघे. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. साठी उलटल्यावर पेढी चिरंजीवांकडे सोपवून आम्ही एक जुनी येझदी घेतली. हिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते. किक आणि गिअर यांचा दांडा एकच.

आळंद, हुमनाबाद, बसवकल्याण ही गावे वसुलीनिमित्त शेकडो वेळा पाहिली. पण लक्ष सारे वहीत. आता फुललेली तूर दिसली, तर गाडी थांबवून नुसती पाहतो. सुमारे ४० किलोमीटरांवर कागिणाकाठी मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट आहे. 'गणितसारसंग्रह' रचणारे महावीराचार्य नवव्या शतकात, येथील सम्राट अमोघवर्षाच्या काळी होऊन गेले. हिशेबावर जगणाऱ्यांनी तेथील नेमिनाथ बसदीचे दर्शन अवश्य घ्यावे.

वडीलधारे विचारतात, या वयात नवा परिग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचा नियम असा : गाडी एकच, वेग बेताचा, डोक्यास हेल्मेट, सूर्यास्तापूर्वी घरी. त्यामुळे दिव्यावर झेपावणारे जीव वाचतात, रात्रिभोजनत्यागही पाळला जातो. शिवाय गल्ल्याची किल्ली सोडणे आम्हांस फार जड होते. ते या फटफटीने सोपे केले.

बंधूंनो, गादीवरून वेळेवर उठणे हाही त्यागच होय.