लिबरदादे : एका कुटुंबाने बांधलेली नौका

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील दर्यावर्दी समाजात कप्तानाने आपल्या व्यापारी जहाजावरच बायकामुलांसह बिऱ्हाड करण्याची रीत चांगली रुळलेली होती. जहाज वर्षानुवर्षे घरच्या बंदराकडे फिरकत नसे, तेव्हा कुटुंब एकत्र ठेवण्याचा दुसरा मार्गही फारसा नसे. जोशुआ स्लोकम हे अशाच कप्तानांपैकी एक. 1844 मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले स्लोकम आज ओळखले जातात ते 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेमुळे. परंतु त्याआधी काही वर्षे, 1888 मध्ये, पत्नी आणि दोन मुलांसह त्यांनी ब्राझीलहून अमेरिकेपर्यंत केलेला प्रवास त्या प्रदक्षिणेच्या तोडीचा आहे, आणि त्यात श्रम एकट्याचे नसून चौघांचे असल्यामुळे तो वेगळ्या अभ्यासालाही पात्र आहे.

या प्रवासाचे मूळ एका अपघातात आहे. स्लोकम यांच्या मालकीचे ‘अॅक्विडनेक’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज 1887 च्या डिसेंबरात लाकडाचा माल घेऊन दक्षिण ब्राझीलमधील पारानाग्वाच्या उपसागरातून बाहेर पडताना वाळूच्या दांड्यावर चढले आणि लाटांच्या माऱ्याने निकामी झाले. जहाजाचा विमा नव्हता. याच जहाजावर 1884 मध्ये स्लोकम यांच्या पहिल्या पत्नी व्हर्जिनिया निवर्तल्या होत्या, आणि 1886 मध्ये स्लोकम यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या हेन्रिएटा ऊर्फ हेटी यांचा संसार सुरू झाला होता तोही याच जहाजावर. त्यामुळे जहाज गेले तेव्हा उपजीविकेबरोबर राहते घरही गेले. खलाशांचे पगार चुकते केल्यावर कुटुंबाजवळ फारसे काही उरले नाही, आणि निराधार म्हणून दुसऱ्याच्या जहाजातून परतणे स्लोकम यांना मानवणारे नव्हते. त्यांनी स्वतः नौका बांधून घरी जाण्याचे ठरवले.

नौका बांधण्यासाठी हाताशी असलेली हत्यारे मोजकीच होती : एक कुऱ्हाड, एक वाकस, दोन करवती आणि गिरमिटाची दोनतीन पाती. शिडे शिवण्याच्या दोन मोठ्या सुयांना धार देऊन त्यांची भोके पाडण्याची पाती केली गेली, तर किनाऱ्यावर वाहून आलेल्या शिडांच्या जुन्या पिशवीत सापडलेली एक कानस सगळ्यांत मोलाची ठरली. लाकूड भोवतालच्या रानातून मिळाले, धातूचे बरेचसे सामान फुटक्या जहाजातून काढले गेले, आणि खिळ्यांच्या टोकांखाली बसवायच्या चकत्या तांब्याच्या नाण्यांपासून करण्यात आल्या. सोळा वर्षांचा थोरला मुलगा व्हिक्टर वडिलांच्या बरोबरीने सुतारकाम करत होता आणि शिडे हेटी यांनी शिवली. सात वर्षांचा गारफील्डही या सगळ्यात सोबत होता.

तयार झालेली नौका 35 फूट लांब आणि साडेसात फूट रुंद होती. तिचा तळ अमेरिकी मच्छीमारांच्या सपाट बुडाच्या होडीसारखा होता, तर डोलकाठ्यांवरची शिडे चिनी पद्धतीची होती. अशा शिडात ठरावीक अंतरावर बांबूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. वारा वाढला की दोर सैल सोडायचा, म्हणजे शीड एकेका पट्टीने घडी पडत खाली येते आणि डोलकाठीवर कोणाला चढावे लागत नाही. मनुष्यबळ तुटपुंजे असलेल्या कुटुंबासाठी याहून सोयीची रचना सापडणे कठीण. नौकेच्या दोन्ही बाजूंना कडेलगत बांबू बांधले होते. कोकणातील होडीची उलांडी बाजूला अंतरावर तरंगत असते, हे बांबू मात्र अंगाला चिकटलेले होते, पण कलंडू न देण्याचे काम दोहोंचे सारखेच. नौका 13 मे 1888 रोजी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, आणि म्हणून तिचे नाव ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले.

24 जून रोजी कुटुंब निघाले तेव्हा त्यांच्याजवळ बंदर सोडण्याचा रीतसर परवाना नव्हता, होता तो केवळ मासेमारीचा. शिध्यात खलाशांची कडक बिस्किटे, सुकवलेले गोमांस, सुका कॉड मासा, कॉफी, 200 संत्री, केळीचे सहा घड, उसाची कांडकी आणि 120 गॅलन पाणी होते. मिरी, दालचिनी आणि ब्राझील नट एवढ्यावर औषधपेटी भागली.

किनाऱ्याने जाणारी नौका खोल समुद्रातल्या जहाजापेक्षा सुरक्षित असते, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी शिडाच्या नौकेच्या बाबतीत ती बरीचशी उलट आहे. किनाऱ्याजवळ खडक, वाळूचे दांडे आणि फुटणाऱ्या लाटा असतात, आणि वारा जमिनीकडे ढकलू लागला तर मागे सरायला जागा उरत नाही. लिबरदादेच्या वाट्याला याखेरीज आणखी एक धोका आला. सांतोस बंदरापासून रिओ द जानेरोपर्यंत ‘फायनान्स’ या आगबोटीने लिबरदादेला दोराने ओढून नेले, तेव्हा स्लोकम सुकाणूवर होते आणि व्हिक्टर पुढच्या टोकाला हातात कुऱ्हाड घेऊन बसला होता, कारण वेगामुळे नौकेचे नाक पाण्याखाली जाऊ लागलेच तर दोर तत्काळ तोडणे हाच उपाय होता. सोळा वर्षांच्या मुलावर टाकलेला हा भरवसा त्या कुटुंबाच्या जीवनाविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

रिओनंतर बाइया व पेर्नांबुको (आजचे रेसिफे) ही बंदरे घेत नौका ब्राझीलच्या पूर्वेकडील टोकापर्यंत गेली. तेथवर समुद्रप्रवाह विरुद्ध दिशेने वाहतो. टोक ओलांडल्यावर मात्र तो वायव्येकडे वळतो आणि व्यापारी वारेही पाठीशी येतात, त्यामुळे बार्बाडोसपर्यंतचे सुमारे 2,150 मैल 19 दिवसांत कापले गेले. पुढे पोर्तो रिको आणि बहामा बेटे मागे टाकून ऑक्टोबरच्या अखेरीस कुटुंब दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागले. सुमारे 5,500 मैलांच्या या अंतरासाठी प्रत्यक्ष समुद्रात 53 दिवस लागले होते. तेथून किनाऱ्याआडच्या खाड्यांमधून हळूहळू उत्तरेस सरकत लिबरदादे 27 डिसेंबर 1888 रोजी वॉशिंग्टनला पोहोचली.

स्लोकम यांनी या प्रवासाचे वर्णन 1890 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ‘स्प्रे’च्या पृथ्वीप्रदक्षिणेत हेटी सोबत नव्हत्या. पतीच्या कीर्तीच्या तुलनेत त्यांचे नाव मागे पडले, हे न्याय्य म्हणता येत नाही, कारण पारानाग्वाहून निघताना लिबरदादेला पुढे नेणारे कापड त्यांच्याच हातचे होते. 1909 मध्ये स्लोकम ‘स्प्रे’सह समुद्रात बेपत्ता झाले, त्यांचे विस्तृत चरित्र पुढे व्हिक्टरने लिहिले आणि ते 1950 मध्ये प्रकाशित झाले.