संगणक प्रणालीतील बदल आणि नियंत्रित प्रयोग

शेतीच्या प्रयोगात एकाच शेताचे लहान लहान वाफे पाडून, कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरविण्याची पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉदमस्टेड संशोधन केंद्रात १९२० नंतरच्या दशकात विकसित केली. अशा वाटपात जमिनीच्या कसातील फरक कोणा एका खताच्या पदरी पडत नाही. आज संगणक प्रणालीतील बदलही याच पद्धतीने पारखले जातात.

येथे वाफ्यांच्या जागी वापरकर्ते असतात. यदृच्छेने निवडलेल्या निम्म्यांना जुनी मांडणी व उरलेल्यांना नवी मांडणी एकाच काळात दाखविली जाते. सर्वांना नवी मांडणी देऊन मागील महिन्याशी तुलना केल्यास सणवार वा जाहिरातीचा परिणामही त्या बदलाच्या खात्यावर जमा होतो.

असा खटाटोप कशासाठी? कारण जाणकारांचा अंदाजही चुकतो. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रणेत जाहिरातींची शीर्षके लांबविण्याची एका कर्मचाऱ्याची सूचना किरकोळ समजून सहा महिन्यांहून अधिक काळ पडून होती. २०१२ मध्ये ती प्रयोगास लावताच उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत ही वाढ वर्षाला १० कोटी डॉलरांहून अधिक होती. याउलट, त्याच कंपनीत पारखलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक तृतीयांशच लाभदायक ठरल्या; तितक्याच निष्प्रभ, तर तितक्याच अपायकारक निघाल्या.

यशाची कसोटी प्रयोगापूर्वीच ठरवावी आणि संख्या पुरेशी असावी. शंभरांपैकी १० जणांऐवजी १४ जणांनी अर्ज पूर्ण केला, तर तो योगायोग असू शकेल. दहा हजारांपैकी १,००० ऐवजी १,४०० जणांनी केला, तर तसे म्हणता येणार नाही. मनाजोगता आकडा दिसताच प्रयोग मध्येच थांबविणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

मात्र वाफा आणि माणूस यांत भेद आहे. २०१२ मध्ये फेसबुकने सुमारे ६ लाख ८९ हजार जणांपुढे येणाऱ्या मजकुरातील भावनिक छटांचे प्रमाण त्यांना न कळविता बदलले. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध होताच तीव्र टीका झाली. तेव्हा ज्या प्रणालीवर नागरिकांचे अर्ज व दाखले अवलंबून आहेत, तेथे कोणाचाही हक्क वा लाभ प्रयोगाच्या पणास लावू नये. एवढे पथ्य पाळल्यास फसलेला प्रयोगही उपयुक्तच ठरतो. कारण चुकीचा बदल सर्वांच्या माथी बसण्यापूर्वीच तो उघडकीस येतो.