ए मायनरमधला शुद्ध गंधार

गिटार नव्याने शिकणाऱ्याची पहिली लढाई बोटांशी असते. ए मेजर ही कॉर्ड धरता येते, ए मायनरही धरता येते. अडतं ते एकीवरून दुसरीवर जाताना. मास्तर भेटतात आठवड्यातून एक-दोनदा. बाकीचे दिवस रत्नागिरीतल्या खोलीत सोबतीला असतो तो समोर टेकवलेला फोन. आपण छेडतो, तो ऐकतो आणि लगेच सांगतो, कॉर्ड बरोबर की चूक. हे त्याला कळतं तरी कसं?

या दोन कॉर्डमधला फरक किती बारीक आहे ते पाहा. मेजरमध्ये दुसऱ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवर असतं, मायनरमध्ये पहिल्या. बाकी सगळं तसंच. त्या एका तारेची कंपनं सेकंदाला 277 वरून 262 वर येतात. ए हा षड्ज मानला, तर शुद्ध गंधाराचा कोमल गंधार होतो, इतकंच. पण पाच तारा एकदम वाजत असताना फोनला हे हेरायचं असतं.

त्याचा माइक हवेचा दाब साधारणपणे सेकंदाला 44,100 वेळा मोजतो. हाती येते ती आकड्यांची एकच वेडीवाकडी रेघ, त्यात पाचही तारा मिसळलेल्या. त्या वेगळ्या करण्याची युक्ती जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाची. उष्णता वस्तूतून कशी पसरते याचा तो विचार करत होता. गुंतागुंतीची लाट साध्या लाटांच्या बेरजेत मांडता येते, हे त्याने 1822 च्या ग्रंथात मांडलं. 1965 मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी तेच गणित झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली. 1,024 आकड्यांसाठी जिथे दहा लाखांवर गुणाकार लागत, तिथे दहा हजारांच्या आसपास पुरू लागले. आज खिशातला फोन ते बसल्या बसल्या करतो!

पुढची पायरी 1999 मधली, ताकुया फुजिशिमा यांची. सापडलेले सगळे सूर, मंद्र असोत की तार, बारा घरांत गोळा करायचे. हार्मोनियमच्या एका सप्तकात पट्ट्या असतात तितकीच ही घरं. कोणती घरं भरली ते पाहून कॉर्ड ओळखायची.

इथे मला सगळ्यात मोठं नवल वाटतं. रत्नागिरीतल्याच थिबा राजवाड्याच्या संगीत महोत्सवात ज्यांनी कान देऊन तंबोरा ऐकला असेल, त्यांना स्वयंभू गंधार ठाऊक आहे. कोणी न छेडलेला हा गंधार खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो. गिटारची तारही तशीच वागते. ए ची मोकळी तार 110 कंपनांची. तिच्यातून 220, 330, 440 आणि 550 सुद्धा निघतात. हे 550 म्हणजे शुद्ध गंधार. म्हणजे तुम्ही ए मायनर अगदी निर्दोष वाजवलीत, तरी तीच तार हळूच मेजरची साक्ष देते. चांगल्या सॉफ्टवेअरला ही साक्ष वजा करूनच निकाल द्यावा लागतो.

त्याला घाईही चालत नाही. खर्जातल्या ई आणि एफ या सुरांत सेकंदाला जेमतेम पाच कंपनांचा फरक आहे, आणि तो ओळखायला साधारण एक पंचमांश सेकंद ऐकावंच लागतं. म्हणून कॉर्ड सावकाश बदलली की निकाल अधिक भरवशाचा. शिवाय आपला पाऊस! दमट हवेत लाकूड फुगतं, तारा गंजतात, सूर सरकतो आणि दोन घरांच्या मधेच पडतो. मग बोटं बरोबर असूनही फोनमधलं ॲप चूक दाखवतं. पावसाळ्यात ट्यूनर लावल्याशिवाय सराव सुरूच करू नये.

एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा स्वच्छ बदल होतो ते मोजण्याचा सराव ऑस्ट्रेलियन शिक्षक जस्टिन सँडरको यांनी लोकप्रिय केला. मोजणी आता ॲपवर सोपवता येते. पण माइकवर चालणाऱ्या ॲपला कान आहेत, डोळे नाहीत. बोटं उगाच किती उचलली गेली ते त्याला दिसत नाही. तेवढं आपणच पाहायचं. आज ए मायनरवरून सी वर जाताना तर्जनी आणि मधलं बोट तारेवरून हलवू नका. दोन्ही कॉर्डमध्ये त्यांची जागा तीच आहे. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवर न्या.